सोलणं आणि लिंपणं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

इंदुरातला पहिला दिवस आणि नव्या वहीचं पहिलं पान. बाबांनी सकाळी महूला बसमध्ये बसवून दिलं आणि कंडक्टरला बजावलं की मुलगी इंजिनीअर आहे, पलासियाला नीट उतरवा. कंडक्टर म्हणाला, बाऊजी, इंजीनियर है तो खुद उतर जाएगी. सगळी बस हसली. बाबाही हसले, पण बस हलेपर्यंत खिडकीची कांब काही सोडली नाही.

खोली छत्रीबागेत, इंदुमतीकाकूंच्या घरी वरच्या मजल्यावर. काकू बाबांच्या चुलत वहिनी, शाळेतून रिटायर झालेल्या. मी बॅग घेऊन जिना चढायला लागले तर म्हणाल्या की बॅग कुठे पळून नाही चालली, आधी पोहे खा. पोह्यांवर शेव एवढी की पोहे शोधावे लागले.

लॅबमध्ये आम्ही तिघंच. अभिराम सर, मुकुल आणि आता मी. आमचं काम म्हणजे एक लायब्ररी बनवणं, पुस्तकांची नाही, प्रोग्रॅमची. माणसाच्या शरीराचा स्कॅन दिला की त्यावरून कृत्रिम हात, पाय, कमरेचा पट्टा यांचं डिझाइन करता यावं, आणि ती कुणालाही फुकट वापरता यावी. छोट्या सरकारी इस्पितळांतल्या जुन्या कंप्यूटरवरसुद्धा. सरांनी इंटरव्ह्यूत एवढं सांगितलं आणि मी मनात तिथेच हो म्हटलं.

दारावरच्या मशीनने माझा अंगठा एका फटक्यात घेतला. मुकुल म्हणाला, मुबारक हो भिया, अब आप भी बँध गईं. भिया म्हणजे इंदुरी भैया, तो मुलींनाही भियाच म्हणतो.

बाबांनी नोकरीसाठी शिवलेला निळा कुर्ता घातला होता. आमच्याकडे आजोबांपासून महूच्या फौजींच्या वर्द्या शिवतात. पदवी घेतलेली घरात मीच पहिली. आज दिवसभर ते मला विसरता आलं नाही, आणि विसरावंसंही वाटलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचा फोन. नेमकं काय करतेस, विचारत होते. मी सांगितलं, समजा तुम्ही काचेच्या पेटीत उभे आहात आणि ती सगळी पेटी बारीक बारीक ठोकळ्यांनी भरली आहे, खडीसाखरेहूनही बारीक. त्या प्रत्येक ठोकळ्याला व्हॉक्सेल म्हणतात, आम्ही लॅबमध्ये नुसतं घर म्हणतो. ज्या घरात तुम्ही आहात तिथे एक लिहायचा, जिथे हवा आहे तिथे शून्य. बस. सगळे एक मिळून तुम्ही.

 बाबा म्हणाले की आणि कडेला? जे घर अर्धं माझं आणि अर्धं हवेचं, त्याचं काय? मी म्हटलं, अर्ध्याहून जास्त तुम्ही असाल तर एक, नाहीतर शून्य. ते म्हणाले, आम्ही बाई रेघेवर कधी कापत नाही. आत थोडं कापड ठेवतो.

घरांवर करायच्या क्रियांना मुकुलने मराठी नावं ठेवली आहेत. आकाराच्या सगळ्या बाजूंनी घरांचा एक थर काढून टाकला की सोलणं. एक थर चढवला की लिंपणं. आणि मुख्य आकारापासून सुटलेले छोटे तुकडे फेकून देणं म्हणजे बेटं काढणं. स्कॅनमधला कचरा साफ करायला हे तिन्ही लागतं. हे सगळं जिच्यावर उभं आहे ती घरं साठवायची पद्धत, ती मी लिहायची. पहिल्याच आठवड्यात एवढं मोठं काम! रात्री काकूंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, बरं आहे गं, पण जेवण आधी.

८ नोव्हेंबर, शनिवार

लॅबची एक रीत आहे. नवा माणूस आला की आपला स्कॅन देतो, आणि तो लायब्ररीबरोबर नमुना म्हणून सगळ्यांना जातो. आतापर्यंत मुकुलचा डावा पंजा होता. पण नुसत्या पंजावर कमरेचा पट्टा कसा शिकणार? म्हणून मी आपणहून म्हटलं की माझा सगळा देते. सर खूष झाले. मुकुलने फक्त दोनदा विचारलं की पक्कं ना.

मागच्या खोलीत एक फिरता पाट आहे. त्यावर हात पसरून, बोटं फाकवून उभं राहायचं, अंगाला चिकटणारे कपडे घालून. कानातलं, बांगडी काढून ठेवली. पाट हळू फिरत राहिला. थोडं हसू येत होतं, कारण बाबाही लहानपणी मला असंच स्टुलावर उभं करून फिरवत माप घ्यायचे.

संध्याकाळी स्क्रीनवर मी. करड्या रंगाची, डोळे नसलेली, ठोकळ्याठोकळ्यांची. फाइलचं नाव रुपाली. कुठल्यातरी इस्पितळात कुणीतरी माझ्यावर शिकेल आणि एखाद्याला पाय मिळेल. हे लिहितानाही छान वाटतंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लायब्ररी बाहेर पडली. माझं काम सरांना फार आवडलं. हो-नाही एवढंच साठवायला कंप्यूटर एरवी घरामागे एक बाइट खर्च करतो. मी एका बाइटमध्ये आठ घरं बसवली. शिवाय फाइल मेमरीत आणायचीच नाही, डिस्कवर आहे तिथेच उघडायची आणि तिथेच काम करायचं, म्हणजे अगदी जुन्या मशीनवरही चालेल. सर म्हणाले की हे काटकसरीच्या घरात वाढलेल्यालाच सुचतं. मला ते अजिबात टोचलं नाही.

सरांनी पोहे-जिलेबी मागवली. द्रोण धरताना मुकुलचा डावा हात पहिल्यांदा नीट दिसला. एरवी तो खिशात असतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टोकापर्यंत जुळलेलं आहे. मी पाहतेय हे त्याला दिसलं. म्हणाला, बचपन से है.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दारावरच्या मशीनने अंगठा घेतला नाही. पुसून, ओला करून, दुसऱ्या हाताचा लावून पाहिला. मुकुलने आतून दार उघडलं आणि म्हणाला, क्या भिया, घर पे बर्तन ज़्यादा घिस लिए?

बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत. कपाला लावली तरी ठसा उमटत नाही. थंडी पडायला लागली आहे, त्यामुळे असेल. काकूंनी तूप चोळायला दिलं.

लायब्ररी मात्र जोरात चालली आहे. नागपूर, कोइंबतूर, कुठून कुठून उतरवून घेत आहेत. एका मुलीने लिहिलं की तुमच्या रुपालीवर सोलणं शिकले, थँक्यू.

२३ नोव्हेंबर, रविवार

महूला घरी. आई म्हणाली काकू उपाशी ठेवतात का.  निळ्या कुर्त्याचा खांदा बाबांनी दोन बोटांनी उचलून पाहिला आणि टेप काढली.

माझी मापं त्यांना पाठ आहेत. छाती, कंबर, दंड, सगळीकडे कमी. मग त्यांनी मनगट मोजलं, मग पायाचा घोटा. मग टेप माझ्या डोक्याभोवती गुंडाळली. कॉलेजच्या समारंभासाठी फेटा बांधला होता तेव्हाचं माप त्यांच्या लक्षात होतं.

आईला ऐकू जाणार नाही असं म्हणाले की माणूस वाळला तर पोट वाळतं, गाल वाळतात. हाडाचा घेर वाळत नाही, रुपा. तू सगळीकडून सारखीच कमी झाली आहेस. कुणी कडेकडेने कापत आणल्यासारखी.

उद्या डॉक्टरकडे जा म्हणाले. हो म्हटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टर म्हणाले विटॅमिन. गोळ्या दिल्या.

दुपारी रुपाली फाइल उघडली. सहज. स्क्रीनवरच्या मुलीची बोटं काड्यांसारखी. कानाच्या पाळ्या कागदासारख्या.

चूक सापडायला वेळ लागला नाही. माझीच आहे. फाइल डिस्कवरच उघडायची, तिथेच काम करायचं, हे लिहिताना आधी प्रत काढायची राहून गेली. राहून नाही, जागा वाचावी म्हणून मी मुद्दामच काढली नव्हती. म्हणजे कुणी सराव म्हणून एकदा सोललं तरी मूळ फाइलच सोलली जाते. आमच्या लॅबच्या चाचण्या रोज सोलतात. बाहेर लोक सोलतात. पुन्हा उघडतात, पुन्हा सोलतात.

पण ती फाइल आहे. मी कशी —

करून पाहिलं. लॅबमध्ये कुणी नव्हतं. एकदा सोललं, एकच थर. सगळ्या अंगावरून एकदम चिकटपट्टी ओढल्यासारखं झालं. रक्त नाही. काही नाही. फक्त बांगडी मनगटावरून घसरून टेबलाखाली गेली.

मग एकदा लिंपलं. अंग भरून आल्यासारखं वाटलं, ऊब आली. बांगडी पुन्हा बसली. मी हसले, मोठ्याने. मग कानातलं नीट करायला हात नेला. उजव्या कानातलं खांद्यावर पडलं होतं. कानाचं भोक बुजलं आहे. जागा पण कळत नाही.

जे सोलून गेलं ते लिंपून परत येत नाही. थर चढतो, एवढंच. जिथे फट आहे तीही भरून टाकतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

चूक दुरुस्त केली. आता आधी प्रत निघते, मग काम. सुधारलेली आवृत्ती काल दुपारीच बाहेर टाकली. सरांना सगळं सांगितलं, अंगाचंही. सर चांगले आहेत, नीट ऐकलं. म्हणाले की पहिली नोकरी, पहिला बग, सगळ्यांचं असंच होतं, माझीही झोप गेली होती. शनिवारी घरी आराम कर, वर्कशॉप मी एकटा घेईन.

वर्कशॉप महूच्या एका कॉलेजात आहे. सरावाचे तीन प्रश्न मीच बनवले होते, गेल्या आठवड्यात, किती मन लावून. एक, आकृती सोला. दोन, लिंपा आणि फरक सांगा. तीन, मनगट तुटेपर्यंत सोलत राहा, मग बेटं काढा.

कालपासून मात्र बरी आहे. बांगडी सैल झालेली नाही. आज दोनदा जेवले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पुन्हा. दात घासताना. दोन थर तरी गेले असतील, ओठ इतके पातळ झालेत की नीट मिटत नाहीत. सुधारलेली आवृत्ती सगळ्यांनी घेतलेली नाही. जुनी अजून लोकांच्या मशीनवर आहे.

लॅबच्या भिंतीवर उद्घाटनाचा फोटो आहे. रोज समोरून जाते, आज थांबले. मुकुल त्यात नारळ धरून उभा आहे. डाव्या हातात. पाची बोटं सुटी.

त्याला फोटोसमोर नेऊन उभं केलं. आधी म्हणाला क्या भिया, सुबह-सुबह. मग खाली बसला. त्याच्या पंजाला कुणीतरी लिंपलं होतं, मागच्या वर्षी. त्यानेच तेव्हा बिनाप्रत लिहिलं होतं, नंतर सुधारलं, आणि कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, कोण मानणार, म्हणे. नवा नमुना आला की लोक जुना विसरतात, मग थांबतं. त्याचं थांबलं. चौदा नोव्हेंबरला.

मी विचारलं, म्हणजे मला पाटावर उभं केलंत ते माहीत असून? तो म्हणाला, दोनदा विचारलं होतं ना मी. पक्कं ना म्हणून. कोणाचं तरी तर लागेलच ना, भिया.

जानेवारीत यतीन नावाचा नवा मुलगा येतोय. त्याचा स्कॅन टाकू, तोपर्यंत सांभाळ, म्हणे. मी नाही म्हटलं. यतीनचा नाही, कुणाचाच नाही. पूजेचा नारळ उचलून पाटावर ठेवला, स्कॅन केला आणि माझ्या जागी तो टाकला. मुकुल बघत राहिला. म्हणाला, नारियल की कलाई कहाँ से लाओगी?

तेव्हा तिसऱ्या प्रश्नातलं मनगट आठवलं. विचारलं, उद्याच्या मुलांना कुठली आवृत्ती? मुकुल म्हणाला, तिथे नेट चालत नाही. सरांनी सोमवारीच पेनड्राइव्हवर कॉलेजला पाठवून दिली. सगळ्या मशीनवर चढवून झाली आहे.

जुनी.

सरांना फोन केला. म्हणाले, रुपाली, आराम. प्लीज. पुन्हा केला तर बंद.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पहिला प्रश्न सुरू झाला. घड्याळ बघायची गरज नाही, कळतं. एक संपून श्वास घेते तोवर दुसरा. साठ मुलं. प्रत्येकाकडे मी.

सरांचा फोन बंद. वर्गात बंदच ठेवतात. माझा फोन बोटाला ओळखत नाही, कितीही दाबलं तरी. काकूंना हाक मारली. त्या वर आल्या, मला पाहिलं आणि दाराची चौकट धरली. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, कुणाला लावू ते सांग.

बाबांना लावला. बाबा दुकानात होते. मी जेवढं बोलता येईल तेवढं बोलले, उरलेलं काकूंनी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, तिथे जाऊन काय सांगू? मी म्हटलं, कंप्यूटर बंद करा म्हणा. सगळे. विचारू नका, बंद करा. ते निघाले. मशीनवर कुणाची तरी पँट अर्धी सोडून. फोन चालूच ठेवलाय, सायकलचा आवाज येतोय.

लिहीत राहते. लिहिते म्हणजे हात आहे.

दुसरा प्रश्न. लिंपतायत. अंग भरून आलं, एवढी ऊब की रडू आलं. मग उजव्या हाताची बोटं — करंगळी आणि तिच्या बाजूचं — पेन मधे अडकलं म्हणून बाकीची जुळली नाहीत. डावा हात आता बोटं नसलेला हातमोजा झालाय. एक नाकपुडी बंद. काकू नाकात बोट घालून बघतात, तिथे भोकच नाही. तोंडाने श्वास. तोंड मिटायचं नाही. काकूंनी चमचा दिलाय, दातांत आडवा धरलाय.

बाबा गेटवर. वॉचमन आत सोडत नाही. कुणाला भेटायचं, अपॉइंटमेंट है क्या, शिलाईवाले हो ना तुम, कपडे पीछे के गेट से. बाबा ऐकून घेतायत. बाबा नेहमी ऐकून घेतात. माझ्या कॉलेजातही ते कधी गेटच्या आत आले नाहीत, समारंभालासुद्धा बाहेर उभे होते, म्हणाले आपलं काय काम आत.

काकूंनी फोनवर ओरडून सांगितलं, भावजी, ढकला त्याला.

काहीतरी पडलं. सायकल. बाबा धावतायत. त्यांचा श्वास —

तिसरा सुरू. सोलतायत, थांबत नाहीत, मी लिहिलंय तसंच, तुटेपर्यंत. थर, पुन्हा थर. नखं गेली. कुर्ता खांद्यावरून खाली. काकू माझ्या पेनाच्या हाताचं मनगट दोन्ही हातांनी धरून बसल्यात, त्यांचे हात माझ्यापेक्षा जाड, दुसरं काही दिसत नाही. दुखत नाही. तेच वाईट.

बाबा जिन्यात. कुणाला तरी विचारतायत, बेटा, कंप्यूटर की क्लास किधर है. पहिला मजला, काकू ओरडतात, भावजी पहिला मजला. मुलं हसतायत तिथे. सरांचा आवाज पण येतोय, म्हणतायत आलं का सगळ्यांचं, तुटलं का, ज्यांचं तुटलं त्यांनी बेटं —

बाबा दार वाजवतायत. उघडलं. बाबा म्हणतायत बंद करो. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने — बंद करो सब — सर म्हणतायत आप कौन — बाबा म्हणतायत मी रुपालीचा —

मनगट तुटून काकूंच्या हातात आणि मी इथे — पेन अजून चालतंय, मी चालवत नाही — बाबा, डाव्या रांगेतला एकजण अजून बेटं काढा दाब